फांदी हलता कामा नये

इंग्लंडमध्ये घरी साप पाळणाऱ्यांकडे बहुधा लाकडी पेटी असते. लाकडी म्हणायचं इतकंच. असतो तो पंधरा मिलिमीटरचा चिपबोर्ड, त्यावर मेलामाइनचा पातळ थर, आणि पुढे दोन सरकत्या काचा. लांबी १२० सेंटिमीटर, खोली आणि उंची साठ-साठ. लेस्टरला माझ्या बहिणीच्या घरी जिन्याखाली अशीच एक पेटी आहे आणि तिच्यात भाच्याची चकली राहते. चकली म्हणजे पश्चिम आफ्रिकेतल्या छोट्या अजगराची मादी. इंग्लंडात या जातीला रॉयल पायथन म्हणतात, अमेरिकेत बॉल पायथन. वजन पावणेदोन किलो, लांबी चार फुटांच्या जरा आत. दिवसभर वेटोळं घालून पडून असते म्हणून बहिणीनं हे नाव ठेवलं. बहीण तिला बोटही लावत नाही, पण घरात नाव तिचंच चालतं.

पेटीत आधी एक तयार फळी होती, मागच्या भिंतीला चार रबरी चोषकांनी चिकटवलेली. या सापाला साठ-सत्तर टक्के दमट हवा लागते, वर दिव्याची ऊब. अशा हवेत रबर किती दिवस धरणार? एका रात्री फळी चकलीसकट खाली आली. खाली नारळाच्या भुशाचा दहा सेंटिमीटरचा थर होता, त्यामुळे लागलं काही नाही. पण त्या कोपऱ्यात ती पुढे बरेच दिवस फिरकली नाही. मी सुट्टीला गेलो तेव्हा भाच्यानं सामानाची यादीच पुढे केली. "मामा, तू घरी कपाटं करतोस ना? मग हे कर."

ही जात जमिनीवर राहणारी, तिला चढायला काही लागत नाही, असं सापवाल्यांच्या जगात वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. उंदरांची बिळं आणि वाळव्यांची वारुळं हे तिचे दिवसाचे आसरे आहेत, हे खरंच आहे. पण १९९८ साली लुइसेली आणि अँजेलिची या अभ्यासकांनी आग्नेय नायजेरियातल्या जंगलातल्या याच सापांच्या आहाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. लहान सापांच्या आणि नरांच्या खाण्यात पक्षी जास्त निघाले, मोठ्या माद्यांच्या खाण्यात उंदीर-घुशींसारखे प्राणी. पक्षी खायचे तर बऱ्याचदा झाडावर जावं लागणारच. मला वाटतं, "जमिनीवरचा साप" हे सापापेक्षा माणसाच्या सोयीचं होतं. खणांच्या मांडणीत प्लास्टिकचे डबे सरकवून एका खोलीत पन्नास साप ठेवायचे, तर साप जमिनीवरचाच असलेला बरा.

हे वाचून कुणी पुण्या-नाशकात अजगर आणायला निघणार असेल तर आधीच सांगतो. आपल्याकडे देशी साप घरात ठेवणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, मग तो बिनविषारी असो की गारुड्याकडून सोडवून आणलेला असो. अजगरासारख्या परदेशी जातींचीही आता सरकारकडे नोंद करावी लागते.

तर फांदी. ती शेजारच्या बागेतल्या सफरचंदाच्या छाटणीतून मिळाली. सफरचंद, ओक, बीच, हेझल ही लाकडं चालतात. देवदारासारखी राळेच्या उग्र वासाची नको. झाडावर फवारणी झाली होती का, हे शेजाऱ्याला आधी विचारून घेतलं. जाडी सापाच्या पोटाच्या सगळ्यात जाड भागाएवढी किंवा थोडी जास्त हवी. चकलीसाठी पाच-सहा सेंटिमीटर. दुकानात मिळणाऱ्या वेलीच्या वळणदार काटक्या फोटोत छान दिसतात, पण एवढ्या जड सापाला त्यांचा उपयोग नाही, आणि दमट पेटीत त्यांना बुरशी फार लवकर येते.

सुटी साल काढली, फांदी ब्रशनं घासली. कीड मरावी म्हणून लाकूड ओव्हनमध्ये मंद भाजतात. बहिणीनं ओव्हनपुढे उभं राहून "माझ्या ओव्हनमध्ये नाही" एवढंच सांगितलं, तेव्हा बाथटबमध्ये उकळतं पाणी ओतून भागवलं. वाळल्यावर गाठी पॉलिश पेपरनं घासल्या. कुठं राहिलं ते हाताला कळत नाही, तळवा निबर असतो. बहिणीचा जुना नायलॉनचा मोजा हातात घालून फांदीवरून फिरवला की जिथं धागा अडकतो तिथं पुन्हा घासायचं. सापाच्या पोटाखालचे खवले अशा बारीक कुसळांवर वर्षभर घासले जाणार असतात.

साप चढतो कसा, हे माहीत नसेल तर फांदी कुठंही ठोकावीशी वाटते. त्याला ना पंजा ना नखं. तो मागच्या अंगानं फांदीला विळखा घालतो, पुढचं अंग सरळ करून वर नेतो, तिथं पकड घेतो आणि मग मागचं ओढून आणतो. अमेरिकेतल्या बर्न्स आणि जेन यांनी मुख्यतः बोआ-अजगर कुळातल्या सापांना दाबमापक लावलेल्या खांबावर चढवून ही पकड मोजली. २०१४च्या त्यांच्या निबंधात निष्कर्ष होता की, न घसरण्यासाठी जेवढा जोर पुरतो त्यापेक्षा साप कितीतरी जास्त जोरानं आवळतो. म्हणजे तो ताकद खर्चतो, पण जोखीम घेत नाही. (याच जेन यांचा हात २०२१च्या आणखी एका शोधात होता. ग्वाम बेटावर पक्ष्यांची घरटी वाचवण्यासाठी खांबाला गुळगुळीत धातूचं नळकांडं बसवलं होतं, तर तिथला तपकिरी वृक्षसर्प शेपटीकडच्या अंगाचा फास करून त्यावरूनही सरकत वर जाताना दिसला.) इतक्या जोरानं आवळणाऱ्या जनावराखाली फांदी गिरकली, तर सगळा जोर वाया.

आता हिशेब. फांदी एका टोकाला भिंतीत बोल्ट करून बाकीची हवेत सोडली आणि दोन किलोचा साप भिंतीपासून ४५ सेंटिमीटरवर जाऊन बसला. भिंतीवरच्या पट्टीची उंची सहा सेंटिमीटर असेल, तर वरच्या बोल्टवर पंधरा किलोचा ओढा येतो. फांदीचं स्वतःचं वजन वेगळंच. पट्टी बारा सेंटिमीटरची केली तर तोच ओढा साडेसातवर येतो. चिपबोर्ड म्हणजे भुसा आणि गोंद. त्यातला स्क्रू सरळ दाबाला टिकतो, ओढ्याला भोकासकट बाहेर येतो. दमटपणानं भोकाची कड फुगली की विचारायलाच नको.

म्हणून फांदी लोंबती ठेवलीच नाही. खालचं टोक भुशाखाली, थेट पेटीच्या तळावर टेकवलं. भुशावर टेकवून चालत नाही, कारण साप भुशात शिरतो, खालचं उकरतो आणि वरचं लाकूड त्याच्यावर बसतं. मधला फाटा उजव्या भिंतीला टेकला, वरचं टोक मागच्या भिंतीला. तीन ठिकाणी टेकल्यावर बोल्टचं काम उरलं ते फक्त फांदी गिरकू न देण्याचं. वरच्या टोकात दुतोंडी बोल्ट घातला, एका बाजूला लाकडाचे आटे, दुसऱ्या बाजूला नटाचे. तो चिपबोर्डातून आरपार काढला, बाहेरून पोलादी पट्टी, मोठा वायसर आणि नट. भोकाच्या कडांना सिलिकॉन फासलं. ओलं असताना त्याला व्हिनेगरसारखा वास येतो, आणि तो पूर्ण जाईपर्यंत पेटी रिकामी ठेवायची.

फळीला मात्र जास्त वेळ गेला. चाळीस बाय बावीसची प्लायवूडची फळी मागच्या कोपऱ्यात बसवली, म्हणजे तिला दोन भिंतींचा आधार. दोन्ही भिंतींवर लाकडी पट्ट्या आरपार बोल्टनं धरल्या, फळी त्यांच्यावर ठेवून खालून स्क्रू मारले. नुसती ठेवून दिलेली फळी साप खालून डोक्यानं उचलतो, आणि पावणेदोन किलोचा साप चांगलाच रेटतो. वरून पाण्यात मिसळणारं पॉलिश दिलं. त्यावर बुचाच्या सालीचे तुकडे चिकटवले, कारण गुळगुळीत फळीवर साप घसरतो. पुढच्या कडेला त्याच सालीची तीन सेंटिमीटरची कड उभी केली.

मला सगळ्यात नवीन वाटली ती फटींची गोष्ट. फळी आणि भिंत यांच्यात फट ठेवायची तर साप आरपार सहज जाईल एवढी, नाहीतर अजिबात नाही. दोन बोटांची फट सगळ्यात वाईट. डोकं जातं, मान जाते, पोट अडकतं. नुकतंच खाल्लं असेल तर जास्तच. भाचा सगळ्या कडांवरून पेन्सिल फिरवत होता, जिथं ती शिरली तिथं सिलिकॉन. चिकटपट्टी मात्र पेटीत कुठंही नको, तात्पुरतीसुद्धा नाही. खवल्यांना चिकटली की ती काढताना कातडी सोलून येते.

ड्रिल चालू असताना चकली वरच्या खोलीत होती, उशीच्या अभ्र्यात, आणि तो अभ्रा कडीच्या डब्यात. सापाला बाहेरचा कान नाही, पण जमिनीची थरथर त्याच्या खालच्या जबड्यातून आतल्या कानापर्यंत पोचते. जेवणानंतर दोन दिवस उलटून गेले आहेत ना, हे भाच्यानं आधी पाहिलं. भरल्या पोटी हलवलं तर साप गिळलेलं ओकतो.

मग वजन. बासमतीची पाच किलोची पिशवी फळीच्या पुढच्या कडेला रात्रभर ठेवली, म्हणजे सापाच्या जवळजवळ तिप्पट. फांदी खाली, वर, दोन्ही बाजूंना हातानं झोकून पाहिली. खाली दाबून सगळेच पाहतात. साप मात्र बाजूनंही रेटतो.

फळी वर गेली म्हणजे साप दिव्याच्या जवळ गेला. छताला जाळीच्या पिंजऱ्यात उष्णतेचा दिवा होता. तापमान बंदुकीसारख्या मापकानं मोजलं, तर फळीवर बत्तीस अंश, अगदी हवं तेवढं. पण साप फळीएवढा सपाट नसतो. त्याचं वेटोळं आठ-दहा सेंटिमीटर उंच होतं आणि ऊन लागतं ते त्याच्या पाठीला. भाच्यानं रंगाचा रिकामा डबा फळीवर ठेवून त्याच्या माथ्यावर मोजलं, तेव्हा आकडा छत्तिसाच्या वर. थर्मोस्टॅटची वायर जमिनीवरून काढून फळीजवळ आणली आणि दिवा एका बाजूला सरकवला. साप भाजला तरी वेळेवर उठून जातोच असं नाही. पाळीव सापांच्या डॉक्टरांकडे येणाऱ्या नेहमीच्या जखमांपैकी ही एक आहे.

चकली परत आत गेली ती रात्री. आधी भुशात शिरली. बऱ्याच वेळानं डोकं फांदीच्या बुंध्याशी आलं, जीभ लवलवत लाकडाला लागत होती. मान पहिल्या गाठीवर टाकली, तिथंच थांबली. मग मधलं अंग फांदीला टेकून रुंद झालं, बाजूचे खवले ताणून त्यांच्यामधली फिकी कातडी दिसायला लागली, आणि पुढचा वीत-दीड वीत भाग हवेत सरळ झाला, जरासा थरथरत. फाटा तिला सापडला नाही. ती मागे आली, दुसऱ्या बाजूनं पुन्हा गेली. फळीपर्यंत त्या रात्री ती पोचली नाही, पण फांदीही जागची हलली नाही.

आता उरलं ते देखभालीचं. सफरचंदाचं लाकूड पेटीच्या उबेत वाळत जाईल, आक्रसेल आणि नट सैल होतील, म्हणून पाना पेटीच्या मागे दोरीला टांगून ठेवलाय. दर वेळी भुसा बदलला की नट एक फेरी आवळायचे, असं ठरलंय. मादी अजून वाढेल, या जातीच्या माद्या साडेचार-पाच फुटांपर्यंत जातात. म्हणून फळीच्या पट्ट्यांची भोकं मी दोन उंचींवर पाडून ठेवली आहेत, वापरात नसलेली रबरी बुचांनी बंद. भाच्याला पुढे अतिनील किरणांची नळी बसवायची आहे. ती आली की फळीवर तो रंगाचा डबा पुन्हा ठेवायचा.