खांद्याची तरफ

हात बाजूला आडवा पसरा आणि तसाच धरून ठेवा. काही मिनिटांतच खांदा भरून येतो. वास्तविक ६० किलोग्रॅम वजनाच्या माणसाचा एक हात सुमारे ३ किलोग्रॅमचाच. पण त्याचा गुरुत्वमध्य सांध्यापासून जवळजवळ ३० सेंटिमीटर दूर असतो आणि स्नायूंची ओढ सांध्यापासून जेमतेम ३ सेंटिमीटरवरून जाते. परिबले समान व्हायची तर स्नायूंना दसपट, म्हणजे ३० किलोग्रॅम भाराइतका जोर लावावा लागतो! तळहातावर, ६० सेंटिमीटर अंतरावर, १ किलोग्रॅमचे पुस्तक ठेवले की आणखी २० वाढले. (गणित स्वतः करून पाहा.)

या ओढीतला वाटा खांद्याला वेढणारे चार छोटे स्नायू उचलतात. त्यांची कंडरा तुटली तर शल्यचिकित्सक ती टाके घालून पुन्हा हाडाला जोडतात. मात्र ती हाडाशी पक्की सांधायला काही महिने लागतात. म्हणून पहिले ४ ते ६ आठवडे हात बहुधा झोळीत ठेवतात. रुग्णाला वाटते, रिकामा हात उचलला तर काय बिघडले? काय बिघडते ते वर आलेच आहे.

पण हलवला नाही तर खांदा आखडतो. त्यावर युक्ती अशी: कमरेत वाकून हात सैल सोडायचा आणि अंगाच्या झोक्याने लंबकासारखा हलू द्यायचा. १९११ मध्ये अशा शस्त्रक्रियेचा वृत्तान्त प्रसिद्ध करणारे बोस्टनचे अर्नेस्ट कॉडमन यांच्या नावाने हा व्यायाम ओळखला जातो. लोंबत्या हाताचा गुरुत्वमध्य सांध्याच्या जवळजवळ खालीच असतो, त्यामुळे परिबल नगण्य. तो केव्हा सुरू करायचा, हे अर्थातच डॉक्टर ठरवतात.

पुढे हात उचलण्याची परवानगी मिळते, तीही आधी कोपर वाकवून. का बरे?