हुनर की पदवी? सल्ला देण्यापूर्वी शिक्षकाने करावयाचा विचार

प्रास्ताविक

इंदूरचा लालबाग राजवाडा १८८६ ते १९२१ या काळात तीन टप्प्यांत बांधला गेला. दगड, लाकूड, काच आणि धातू यांवर काम करणाऱ्या कारागिरांचे हात पस्तीस वर्षे तेथे राबत होते. याच काळाच्या आरंभी शहरात ख्रिश्चन कॉलेज (१८८७) आणि होळकर कॉलेज (१८९१) सुरू झाले. होळकर सरकारची कापड गिरणी तर त्याच्याही आधीची, १८६०च्या दशकातील. म्हणजे कारागिरी, गिरणीतील नोकरी आणि महाविद्यालयीन शिक्षण असे उपजीविकेचे तिन्ही मार्ग एकाच शहरात, एकमेकांच्या शेजारी उभे राहिले. आजही आपल्या वर्गातला विद्यार्थी या मार्गांपुढे उभा राहून विचारतो, "सर, आयटीआय करू की बी.ए.?"

या प्रश्नाचे उत्तर आपण बहुधा घाईने देतो. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, प्रश्नाची मांडणीच अपुरी आहे. हुनर आणि पदवी यांपैकी एकाची निवड करण्यापेक्षा, निवडलेल्या मार्गावरून पुढे जाण्याची शिडी आहे की नाही, हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे.

दोन्ही बाजूंचे आकडे

आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि मानव विकास संस्था यांच्या २०२४च्या भारत रोजगार अहवालानुसार, २०२२ साली पदवीधर तरुणांमधील बेरोजगारी २९.१ टक्के होती. लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये ती ३.४ टक्के होती. हे आकडे पाहून "पदवी निरुपयोगी आहे" असा निष्कर्ष पालक काढतात. तो बरोबर नाही. गरीब घरच्या निरक्षर तरुणाला बेरोजगार राहणे परवडतच नाही; तो मिळेल ते काम मिळेल त्या मजुरीवर करतो. पदवीधर काही काळ योग्य कामाची वाट पाहू शकतो. म्हणून कमी बेरोजगारी म्हणजे चांगली कमाई, असा अर्थ लावता येत नाही. मात्र नुसत्या पदवीने काम मिळण्याची हमी नाही, एवढे या आकड्यांवरून निश्चित म्हणता येते.

दुसरी बाजू प्रशिक्षणाची. २०२३–२४च्या केंद्रीय आर्थिक पाहणीत दिल्याप्रमाणे १५ ते २९ वयोगटातील फक्त ४.४ टक्के तरुणांनी औपचारिक व्यावसायिक प्रशिक्षण घेतले होते, तर १६.६ टक्के तरुण अनौपचारिक मार्गाने, म्हणजे घरात, दुकानात किंवा उस्तादाच्या हाताखाली शिकले होते. शिकलेल्यांपैकी बहुसंख्य असे आहेत की ज्यांच्या हातात काम आहे, पण कागद नाही. आपल्या समाजाचा प्रश्न नेमका येथे आहे. सच्चर समितीने २००६च्या अहवालात मुस्लिम कामगारांमध्ये स्वयंरोजगाराचे प्रमाण मोठे असल्याचे आणि वीस वर्षांवरील मुस्लिमांपैकी पदवी किंवा पदविका मिळवणारे चार टक्क्यांहूनही कमी असल्याचे नोंदविले होते. हुनर आपल्याकडे कधी कमी नव्हते; कमी पडली ती त्या हुनराची मान्यता आणि त्याच्या पुढचे शिक्षण.

गिरणीचा धडा

इंदूरची हुकुमचंद मिल १९९०च्या दशकाच्या आरंभी बंद पडली. कामगारांना आपल्या थकबाकीसाठी तीस वर्षांहून अधिक काळ न्यायालयीन लढा द्यावा लागला. २५ डिसेंबर २०२३ रोजी सुमारे २२४ कोटी रुपयांचा धनादेश देण्यात आला, तेव्हा लाभार्थ्यांची संख्या सुमारे ४,८०० होती. या दीर्घ प्रकरणाची कारणे गिरणीच्या आर्थिक स्थितीत व कायद्याच्या प्रक्रियेत आहेत. कामगारांच्या कसबात नव्हे. तरीही शिक्षकाने त्यातून एक गोष्ट घ्यावी. मागावर शिकलेल्या कामाला गिरणीच्या फाटकाबाहेर ओळख देणारा दाखला त्या काळी सामान्य कामगाराजवळ नसे. एकाच मालकाच्या दाराशी बांधलेले कौशल्य त्या दारासोबतच बंद होते.

बाघचा धडा

इंदूरशेजारच्या धार जिल्ह्यात बाघ हे गाव आहे. तेथील खत्री कारागिरांचे ठशांचे छापकाम देशभर प्रसिद्ध असून त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. यात तुरटीच्या लेपाने छापलेला भाग आलिझरीनच्या उकळत्या द्रावणात लाल होतो आणि लोहक्षाराने छापलेला भाग काळा होतो. रंग धाग्याला घट्ट धरून ठेवणाऱ्या अशा पदार्थांना रसायनशास्त्रात रंगबंधक म्हणतात. बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याला हा विषय पुस्तकात भेटतो. कारागिराच्या मुलाला तो भट्टीजवळ भेटतो. पण पहिल्याने रंगाचे भांडे पाहिलेले नसते आणि दुसऱ्याला त्या क्रियेचे नाव माहीत नसते. दोघांचेही शिक्षण अर्धे राहते.

ही तूट भरून काढण्याचा विचार आपल्याकडे नवा नाही. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात भरलेल्या शिक्षण परिषदेनंतर डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जामिया मिल्लियाचे प्रमुख असलेल्या या शिक्षणतज्ज्ञाच्या समितीने मातृभाषेतून सात वर्षांचे शिक्षण आणि त्याच्या केंद्रस्थानी एखादा उत्पादक उद्योग, अशी योजना मांडली. उद्योग हा अभ्यास संपल्यावर करावयाचा नसून गणित, विज्ञान, समाजशास्त्र हे सारे त्या उद्योगाच्या आधाराने शिकवावे, हा तिचा गाभा होता. कुरआनच्या सूरह अंबियामध्येही हजरत दाऊद (अ.) यांना चिलखत बनविण्याची कला शिकविल्याचा उल्लेख आहे. हाताचे काम इल्मच्या बाहेरचे आहे, हा समज आपल्या परंपरेत बसत नाही.

शिडी कोठे आहे?

बारावीनंतर आयटीआयला गेलेला मुलगा "शिक्षणातून गेला" असे अनेक शिक्षक मानतात. वस्तुस्थिती तशी नाही. पुढील मार्ग प्रत्येक शिक्षकास ठाऊक असावेत.

१. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेशी २०१६ साली झालेल्या करारानुसार, आठवीनंतर दोन वर्षांचा आयटीआय अभ्यासक्रम पूर्ण केलेल्यास ठरलेली परीक्षा देऊन दहावीची, तर दहावीनंतर तसा अभ्यासक्रम केलेल्यास बारावीची समकक्षता मिळविण्याची सोय झाली.

२. आयटीआय उत्तीर्ण विद्यार्थ्याला पॉलिटेक्निकच्या, आणि पदविकाधारकाला अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेशाची तरतूद आहे. अटी राज्यानुसार बदलतात. त्या दरवर्षी तपासून घ्याव्यात.

३. शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ सालचा आहे. त्याखाली उमेदवाराला काम शिकत असताना विद्यावेतन मिळते. घरी पैसे देणे भाग असलेल्या विद्यार्थ्यासाठी ही बाब निर्णायक ठरते.

४. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ साली व्यवसाय शिक्षणाची पदवी (बी.व्होक.) सुरू केली. कम्युनिटी कॉलेजची केंद्रीय योजना त्याच्या आदल्या वर्षीची. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवी अभ्यासक्रमातून एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची व पुन्हा परत येण्याची मुभा आहे.

५. आधीच काम येत असलेल्यांसाठी पूर्वशिक्षणाच्या मान्यतेची पद्धत आहे. त्यात नव्याने वर्षभर शिकावे लागत नाही. असलेल्या कौशल्याची परीक्षा होऊन दाखला मिळतो. वडिलांच्या गॅरेजमध्ये पाच वर्षे काम केलेल्या मुलासाठी पहिली पायरी हीच.

सल्ला देताना घ्यावयाची दक्षता

येथे एक धोका स्पष्टपणे सांगितला पाहिजे. "तुमच्यात धंदाच बरा" हे वाक्य अनेक मुस्लिम विद्यार्थ्यांनी शाळेत ऐकलेले असते. मुलाचे नाव, मोहल्ला किंवा वडिलांचा व्यवसाय पाहून त्याला वर्कशॉपकडे वळविणे हा सल्ला नव्हे. ज्याला वकील, माध्यमिक शिक्षक किंवा प्रशासकीय अधिकारी व्हायचे आहे त्याला पदवी अनिवार्य आहे, आणि त्या जागी पोहोचणाऱ्यांची आपल्याला फार गरज आहे. उलट, "लोक काय म्हणतील" म्हणून वेल्डिंगची आवड असलेल्या मुलाला तीन वर्षे न आवडणाऱ्या विषयात बसविणेही अन्यायाचेच.

मुलींचा विचार स्वतंत्रपणे करावा. सच्चर अहवालानुसार काम करणाऱ्या मुस्लिम स्त्रियांपैकी सुमारे सत्तर टक्के स्त्रिया स्वतःच्या घरातच काम करीत होत्या. शिवण, भरतकाम, जरीकाम त्यांना उत्तम येते. पण मध्यस्थ जो दर सांगेल तोच घ्यावा लागतो. अशा मुलीला आणखी एक शिवणवर्ग सुचविण्याऐवजी हिशेब, मालाची किंमत ठरविणे आणि बँकव्यवहार शिकविणारा अभ्यासक्रम, आणि शक्य असल्यास त्याबरोबर पदवी, हे अधिक हिताचे.

विद्यार्थ्याशी बोलताना पुढील पाच प्रश्न विचारावेत : घरी किती महिने कमाईशिवाय निभेल? पूर्ण अभ्यासक्रमाची फी, प्रवास आणि त्या काळात बुडणारी कमाई मिळून खर्च किती? मिळणारा दाखला दुसऱ्या शहरात, दुसऱ्या मालकाकडे चालेल का? येथून पुढचा वर्ग कोणता? आणि पाच वर्षांनी मन बदलले तर परत येण्याची वाट आहे का? शेवटच्या तीन प्रश्नांची उत्तरे नकारार्थी असतील तर तो मार्ग, आयटीआय असो वा बी.ए., पुन्हा तपासावा.

समारोप

प्रत्येक महाविद्यालयाला आरंभ करता येईल असे एक काम आहे. परिसरातील उस्ताद कारागिरांची यादी करावी, त्यांना सत्रातून दोनदा तरी प्रात्यक्षिकासाठी वर्गात बोलवावे, आणि त्यांच्याकडे काम शिकणाऱ्या मुलांची नावे घेऊन त्यांना मान्यतेच्या परीक्षेला बसवावे. यासाठी नवी इमारत लागत नाही; एका शिक्षकाकडे ही जबाबदारी सोपविली तरी पुरते. शाळा सोडून दुकानात गेलेला मुलगा दाखल्यासाठी महाविद्यालयाच्या दारात आला, की पुढच्या वर्गाची गोष्ट त्याच्याशी काढता येते.