नारळ आणि पगार

मंडळी, आपल्याकडे कुणाचा सत्कार करायचा तर शाल आणि नारळ देतात, आणि कुणाला कामावरून काढले तरी ‘नारळ दिला’ असेच म्हणतात. खेळाच्या प्रशिक्षकाच्या नशिबी हे दोन्ही नारळ असतात. प्रश्न आहे तो मधल्या पगाराचा!

विषय निघाला अमेरिकेतल्या नोटर डेम विद्यापीठावरून. कॅथलिक धर्मगुरूंनी १८४२ साली स्थापन केलेले हे विद्यापीठ तिथल्या फुटबॉलसाठी (चेंडू हातात घेऊन पळण्याचा तो खेळ) प्रसिद्ध आहे. बारा हंगाम तिथे प्रशिक्षक असलेले ब्रायन केली २०२१ च्या अखेरीस लुईझियाना राज्य विद्यापीठाकडे गेले. करार दहा वर्षांचा, सुमारे साडेनऊ कोटी डॉलरचा. म्हणजे जवळजवळ पस्तीस कोटी दिरहॅम! देवाधर्माच्या संस्थेने असल्या चढाओढीत उतरावे का?

चटकन ‘नाही’ म्हणावेसे वाटते. पण शेगावचेच बघा. मंदिरात सेवेकरी विनामोबदला राबतात. संस्थानाच्या पुढाकाराने १९८३ साली निघालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात मात्र प्राध्यापक पगारी आहेत. शिवाजी पार्कवर पिढ्या घडवणाऱ्या आचरेकर सरांनाही स्टेट बँकेची नोकरी होतीच. सेवा करणाऱ्यालाही घरभाडे चुकत नाही.

आणि आपण? आपण गाव सोडून इथे आलो ते चार पैसे जास्त मिळतात म्हणूनच. चांगली ऑफर आली की आपण कंपनी बदलतो. मग दुसऱ्याने मात्र सेवा म्हणून कमी घ्यावे, हे आपल्या तोंडी शोभत नाही.

अर्थात पैशाने सगळेच मिळते असेही नाही. केलींना ऑक्टोबर २०२५ मध्ये नारळ मिळाला. इकडे नोटर डेमने आपल्याच सहायकाला, मार्कस फ्रीमन यांना, बढती दिली आणि त्यांचा संघ जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत पोचला. आपल्या अमिरातीतही ब्राझीलच्या झगालोंनी संघाला १९९० च्या विश्वचषकात प्रवेश मिळवून दिला, पण स्पर्धेआधीच त्यांना जावे लागले. पुढे २०१५ च्या आशिया चषकात तिसरा क्रमांक मिळवून दिला तो इथल्याच महदी अली यांनी.

आम्हाला वाटते, धार्मिक संस्थेनेही प्रशिक्षकाला चालू दराने पगार द्यावा. पण तो खेळाच्या उत्पन्नातून, विद्यार्थ्यांच्या फीमधून किंवा भाविकांच्या देणगीतून नव्हे. आणि त्याच्या पगारावर शून्य वाढवण्याआधी मैदान झाडणाऱ्याचा पगार पुरेसा आहे का, ते पाहावे.

जाता जाता घरचाही विचार करू. आपल्या मुलांना सुट्टीच्या दिवशी खेळ शिकवणाऱ्यांना आपण गणपतीत शाल-नारळ देऊन मोकळे होतो. निदान पेट्रोल आणि सालिकचा खर्च तरी मंडळाने द्यायला नको का? आपले मत जरूर कळवा.