उपाहारगृहातील हवा आणि धूम्रपान

उपाहारगृहात प्रवेश करताना ग्राहक टेबलाची स्वच्छता पाहतो, पाणी शुद्ध आहे का, हे विचारतो. तेथील हवेची चौकशी मात्र सहसा कोणी करीत नाही. वास्तविक खाद्यपदार्थ निवडण्याची मुभा असते, हवा निवडण्याची नसते.

सिगारेट वा विडीचा धूर दोन मार्गांनी हवेत मिसळतो : ओढणाऱ्याने सोडलेला आणि जळत्या टोकातून सतत निघणारा. बंदिस्त जागेत या दुसऱ्या धुराचाच वाटा मोठा असतो. त्यातील बहुतेक कण 2.5 मायक्रॉनहून सूक्ष्म असल्याने ते दीर्घकाळ तरंगत राहतात व फुफ्फुसांत खोलवर पोहोचतात. तंबाखूच्या धुरात 7,000 हून अधिक रसायने असून त्यांपैकी सुमारे 70 कर्करोगास कारणीभूत ठरणारी आहेत.

वातानुकूलनामुळे ही हवा शुद्ध होते, हा समज चुकीचा आहे. भिंतीवरील सर्वसाधारण यंत्र खोलीतीलच हवा थंड करून पुन्हा खोलीत सोडते. त्याची जाळी धूळ अडविते; वायू व अतिसूक्ष्म कण फिरतच राहतात. धूम्रपान करणाऱ्यांसाठी केवळ काही टेबले राखून ठेवल्यानेही हा प्रश्न सुटत नाही.

म्हणूनच 2003 च्या तंबाखू नियंत्रण कायद्याखाली केंद्र शासनाने केलेले नियम 2 ऑक्टोबर 2008 पासून देशभर लागू झाले. त्यांनुसार उपाहारगृहात धूम्रपानास मनाई आहे. तीस वा अधिक आसने असलेल्या उपाहारगृहास स्वतंत्र धूम्रपानकक्षाची मुभा या नियमांनी दिली. परंतु त्यास चारही बाजूंनी छतापर्यंत भिंती, आपोआप बंद होणारे दार आणि धूर थेट इमारतीबाहेर नेणारी व्यवस्था असावी, तसेच आतील हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी असावा, अशा अटी घातल्या. दाब कमी असल्यास दार उघडताच हवा आत ओढली जाते, धूर बाहेर पसरत नाही.

ग्राहक तासाभराने निघून जातो. थाळी वाढणारा, टेबल पुसणारा आणि गल्ल्यावर बसणारा कर्मचारी मात्र त्याच हवेत दिवसाचे कित्येक तास श्वास घेतो, आणि ती नाकारण्याचे स्वातंत्र्य त्याला क्वचितच असते. शेजारच्या टेबलावर सिगारेट पेटल्यास व्यवस्थापकास नम्रपणे नियमाची आठवण करून देणारा ग्राहक स्वतःबरोबर या कर्मचाऱ्याच्या आरोग्याचेही रक्षण करीत असतो.