भांडा सौख्यभरे, पण एकाच पट्टीत

लेखमाला : तबकडीच्या पाठीमागे (भाग ९)

गेल्या भागात आपण साडेतीन मिनिटांच्या लाखेच्या तबकडीपाशी थांबलो होतो. आज निवडक गाण्यांच्या अल्बमकडे वळू, त्यातही युगुलगीतांच्या. कॅसेट असो, सीडी असो की मोबाइलवरची यादी, ‘सदाबहार युगुलगीतं’ म्हटलं की पहिली चार नावं जवळपास ठरलेली. अरुण दाते आणि सुधा मल्होत्रांचं ‘शुक्रतारा मंद वारा’, मग बाबूजी आणि आशाबाईंची ‘धुंदी कळ्यांना’, ‘स्वप्नात रंगले मी’ आणि ‘फिटे अंधाराचे जाळे’. गाणी अव्वल आहेत, त्यात वाद नाही. पण या सगळ्या गाण्यांत दोघांचं आधीच पटलेलं आहे. तो म्हणतो त्याला तिचा होकार, ती म्हणते त्याला त्याचा.

इकडे एकलहऱ्यात, पलीकडे हिंगणवेढ्यात किंवा सामनगावात हळदीच्या रात्री बँजोवाले जी युगुलगीतं धरतात, ती या यादीत बहुतेक सापडत नाहीत. तिथं दादा कोंडक्यांच्या सिनेमातली गाणी येतात. तो छेडतो, ती फटकारते, तो पुन्हा तोंड वर करून बोलतो. मांडवातल्या बायका तिच्या ओळी म्हणतात, पोरं त्याच्या ओळी ओढतात आणि बँजोवाला दोन्ही बाजूंना चढवत राहतो. मांडवाचे आपोआप दोन तट पडतात. तरीही ही गाणी ‘युगुलगीत’ या सदरात न टाकता ‘लोकगीत’ किंवा ‘धमाल गाणी’ म्हणून बाजूला काढली जातात. ही वाटणी चुकीची आहे, असं माझं म्हणणं आहे. का, ते कळायला आधी दोन आवाजांचं गाणं बांधतात कसं ते पाहू.

पहिली अडचण पट्टीची. पुरुष गायक साधारण काळी एक-दोनच्या आसपास गातो, बाई काळी चार-पाचला. दोघांच्या ‘सा’मध्ये चार-पाच स्वरांचं अंतर पडतं. गाणं मात्र एकच, वाद्यमेळ एकच. त्याच्या पट्टीत बांधलं तर तिचा आवाज खाली दबतो, तिच्या पट्टीत बांधलं तर त्याला वर ताणावं लागतं. मग संगीतकार तोड काढतो. एकच पट्टी ठेवून त्याला सप्तकाच्या वरच्या अंगाला फिरवायचं आणि तिला मधल्या अंगाला, किंवा अंतऱ्यात पट्टीच बदलायची. ‘मी डोलकर’ ऐका. शान्ताबाई शेळक्यांचे शब्द, हृदयनाथांची चाल. हेमंतकुमारांचा भरदार आवाज खालच्या अंगाला आहे आणि लताबाई त्याच्या वरून जातात. दोघांनी एकमेकांची जागा कुठंच अडवलेली नाही.

दुसरी गोष्ट बोलण्याच्या क्रमाची. आपल्याकडे दोन आवाज आळीपाळीने येतात. एकाने ओळ टाकायची, दुसऱ्याने उचलायची, धृपदाला दोघांनी एकत्र यायचं. म्हणजे आपल्या युगुलगीताचा पाया संवादाचा आहे. संवाद म्हटला की त्यात होकार येतो तसा नकारही येतो, टोमणाही येतो. ही रीत सिनेमाने शोधलेली नाही. तमाशातल्या गवळणीत कृष्ण आणि पेंद्या वाट अडवतात, मावशी त्यांना फैलावर घेते. कलगी-तुऱ्याच्या फडात तुरेवाले शिवाची बाजू घेतात, कलगीवाले शक्तीची, आणि रात्रभर सवाल-जवाब झडतात. पुरुष थोर की प्रकृती थोर, हाच तिथला वाद.

दादा कोंडके याच परंपरेतून आले. वसंत सबनिसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्याने त्यांना नाव दिलं. १९७१च्या ‘सोंगाड्या’त उषा मंगेशकरांसोबत जयवंत कुलकर्णींचा आवाज होता. पुढे महेंद्र कपूर आले आणि दादांचा पडद्यावरचा गाता आवाज म्हणजे महेंद्र कपूर हे समीकरणच झालं. जन्माने अमृतसरचा माणूस, पण गावरान मराठी गाण्यात कुठं परका वाटला नाही. आवाज मुळातच उंच आणि मोकळा, त्यामुळे उषाताईंच्या पट्टीशी जमवून घेताना त्यांना ओढाताण करावी लागत नसे. १९७५च्या ‘पांडू हवालदार’पासून दादांकडे राम-लक्ष्मण हे संगीतकार आले आणि १९७८च्या ‘बोट लावीन तिथं गुदगुल्या’मध्ये ‘ढगाला लागली कळं’ झालं. पुढे २०१९च्या ‘ड्रीम गर्ल’ या हिंदी सिनेमानेही ते उचललं. चाळीस वर्षांनी मुंबईच्या निर्मात्याला ज्याचा मोह पडतो, ते गाणं आपल्याच निवडक संग्रहात मात्र दाराबाहेर राहतं.

आता अमेरिकेकडे पाहू. तिकडच्या गावाकडच्या गाण्याला ‘कंट्री’ म्हणतात आणि कंट्रीतल्या युगुलगीतांचे निवडक संग्रह हा तिथला वर्षानुवर्षं खपणारा माल आहे. लोरेटा लिन ही केंटकीतल्या कोळसा खाणकामगाराची मुलगी. जन्म १९३२चा, म्हणजे दादांचंच साल. दादा मुंबईतल्या गिरणी कामगाराच्या घरातले. लोरेटा आणि कॉनवे ट्विटी यांची जोडी १९७१पासून गाजली आणि १९७२ ते १९७५ अशी सलग चार वर्षं कंट्री संगीत संघटनेचा युगुलगायनाचा पुरस्कार त्यांनी घेतला. दोघांचे संसार वेगळे होते, पण गाणी ऐकून लोकांना ते नवरा-बायकोच वाटायचे. १९७८ साली, म्हणजे ‘ढगाला लागली कळं’च्याच वर्षी, या जोडीने असं एक गाणं केलं ज्यात पोरं कुरूप निघाली ती कुणामुळे यावरून नवरा-बायको एकमेकांची उणीदुणी काढतात. जॉनी कॅश आणि जून कार्टर यांचं १९६७चं ‘जॅक्सन’ हेसुद्धा भांडणच आहे. तो शहरात जाऊन मजा मारीन म्हणतो, ती त्याची खिल्ली उडवते. जॉर्ज जोन्स आणि टॅमी वायनेट तर खरोखरचे नवरा-बायको. १९७५मध्ये काडीमोड झाला आणि १९७६मध्ये त्यांचं ‘गोल्डन रिंग’ हे लग्नाच्या अंगठीवरचं गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं.

एक फरक लक्षात ठेवायचा. कंट्रीत दोन आवाज एकाच वेळी वेगवेगळे स्वर लावून एकमेकांवर चढतात, आपल्याकडे ते एकमेकांना वाट देतात. पण निवड करताना तिथल्या कंपन्यांनी भांडणं गाळली नाहीत, उलट पुढे ठेवली. ‘जॅक्सन’ नसलेला तसा संग्रह तिथं अपुरा ठरतो.

मग आपल्याकडे असं का झालं? थोडा दोष रुचीचा. भावगीत म्हणजे घरंदाज आणि दादांचं गाणं म्हणजे चावट, अशी फोड मध्यमवर्गाने केली आणि यादी करणारी माणसं त्याच वर्गातली होती. दुसरं कारण जागेचं. एलपीच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटं, साठ मिनिटांच्या कॅसेटला बाजूला तीस. म्हणजे सगळी मिळून बारा ते सोळा गाणी. पहिलं गाणं सर्वांत ओळखीचं हवं, बाजू संपतानाचं असं हवं की ऐकणाऱ्याने उठून कॅसेट उलटली पाहिजे. अशा हिशेबात नवं धाडस कोण करतो? आधीच्या संग्रहात जे खपलं तेच पुढच्यात आलं.

तिसरं कारण मालकीचं. निवडक संग्रह काढणारी कंपनी मुख्यतः स्वतःच्या मालकीची गाणी घेते, त्यामुळे ‘सर्वोत्कृष्ट’ म्हणजे ‘आमच्याकडचं सर्वोत्कृष्ट’. दुसऱ्याचं गाणं हवं तर पैसे मोजून परवानगी. भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. १९६०ची तबकडी २०२० सरताना मोकळी झाली. मात्र शब्द आणि चाल यांवरचा हक्क वेगळा. तो गीतकार-संगीतकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं राहतो. म्हणून जुनी तबकडी मोकळी झाली तरी गाणं मोकळं झालं असं समजू नये.

आज मोबाइलवर जागेची अडचण उरलेली नाही, मालकीचीही ऐकणाऱ्यापुरती नाही. राहिली फक्त सवय. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात १९७०च्या सुमारास पहिले संच सुरू झाले, तेव्हापासून इथल्या वसाहतीत राज्यभरातली माणसं आली आणि आपापली गाणी घेऊन आली. कुणाकडे कोळीगीतं, कुणाकडे जात्यावरच्या ओव्या, कुणाकडे भीमगीतांचे सामने. अशा गावाने तरी कंपनीची यादी आयती का घ्यावी?

या आठवड्याचा गृहपाठ असा. बारा युगुलगीतांची यादी करा, सहा-सहाच्या दोन बाजू. चांदण्यातली खुशाल ठेवा, पण किमान चार गाणी अशी घ्या ज्यात ती त्याला ऐकवते. मग दोन्ही बाजू सलग ऐका. कुठली बाजू घरातली सगळी माणसं शेवटपर्यंत ऐकतात, ते पाहून तुम्हीच निकाल द्या. माझा निकाल मी दिला आहे: भांडण गाळलेला युगुलगीतांचा संग्रह अर्धाच असतो.

(पुढच्या आठवड्यात : कोरसमध्ये गाणाऱ्यांची नावं मुखपृष्ठावर का येत नाहीत?)