गॅस हायड्रेटची उष्णतावाहकता : मापनपद्धती व दक्षता

प्रस्तावना :
पिंपरी-चिंचवड, चाकण व तळेगाव या औद्योगिक पट्ट्यात घरे, वाहने व कारखाने यांना नैसर्गिक वायूचा पुरवठा होतो. या वायूचा मुख्य घटक मिथेन होय. देशाच्या गरजेपैकी सुमारे निम्मा नैसर्गिक वायू आयात करावा लागतो. त्यामुळे खोल समुद्रतळाखाली गॅस हायड्रेटच्या रूपात बंदिस्त असलेल्या मिथेनकडे संशोधकांचे लक्ष वेधले गेले आहे. राष्ट्रीय गॅस हायड्रेट कार्यक्रमाच्या २००६ मधील पहिल्या मोहिमेत केरळ-कोकण, कृष्णा-गोदावरी, महानदी व अंदमान या क्षेत्रांत छिद्रण करण्यात आले. केरळ-कोकण क्षेत्रातील छिद्रात हायड्रेट आढळले नाही. कृष्णा-गोदावरी खोऱ्यात मात्र समृद्ध साठे आढळले. २०१५ मध्ये दुसरी मोहीम झाली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत व ओएनजीसीच्या पनवेल येथील केंद्रात या विषयावर संशोधन झाले आहे. साठ्यातून वायू मोकळा करण्याच्या मार्गातील एक मूलभूत प्रश्न उष्णतेच्या वहनाचा आहे. प्रस्तुत लेखात त्याच्या मापनाचे विवेचन केले आहे.

१. हायड्रेटचे स्वरूप :
उच्च दाब व कमी तापमान असताना पाण्याचे रेणू पिंजऱ्यासारखी स्फटिकरचना करतात व तीत वायूचे रेणू अडकतात. हा पदार्थ दिसावयास बर्फासारखा असला, तरी उष्णतेच्या बाबतीत तो बर्फासारखा वागत नाही. ०° सेल्सिअसच्या आसपास बर्फाची उष्णतावाहकता सुमारे २.२ वॅट प्रति मीटर केल्विन असते, तर मिथेन हायड्रेटची केवळ ०.५ ते ०.७ च्या दरम्यान, म्हणजे जवळपास द्रवरूप पाण्याइतकीच. पिंजऱ्यातील रेणू सतत हेलकावत असतात. स्फटिकातून उष्णता वाहून नेणाऱ्या कंपनलहरी त्यामुळे विखुरल्या जातात. तापमान वाढले असता बर्फाची वाहकता घटते; हायड्रेटची मात्र काचेप्रमाणे किंचित वाढते. टेट्राहायड्रोफ्युरान हायड्रेटच्या बाबतीत रॉस, अँडरसन व बॅकस्ट्रॉम यांनी १९८१ मध्ये हे दाखवून दिले.

२. या आकड्याचे महत्त्व :
हायड्रेटचे विघटन उष्णता शोषून घेते. एक मोल मिथेन मोकळा होताना सुमारे ५४ किलोजूल उष्णता लागते. साठ्यावरील दाब कमी केला असता विघटन सुरू होते, परंतु लगतचा थर थंड होत जातो. भोवतालची उष्णता पुरेशा वेगाने पोहोचली नाही, तर विघटन मंदावते व पाणी गोठण्याचाही संभव असतो. हायड्रेटला बर्फाचीच वाहकता गृहीत धरल्यास वायूच्या उत्पादनाचा अंदाज फसवा ठरेल.

३. तप्त सुई पद्धती :
नमुन्यात तापतार व थर्मिस्टर असलेली बारीक सुई रोवतात. तारेतून स्थिर शक्ती दिल्यावर सुईचे तापमान वाढते. सुरुवातीचा अल्प काळ वगळता ही वाढ काळाच्या नैसर्गिक लॉगॅरिथमशी समप्रमाणात असते. आलेखाचा उतार उ व सुईच्या प्रतिमीटर लांबीस दिलेली शक्ती श असल्यास वाहकता = श ÷ (४π × उ). उदाहरणार्थ, श = २ वॅट प्रति मीटर असता काळ दसपट होईपर्यंत ०.५ वाहकतेच्या हायड्रेटमध्ये तापमान सुमारे ०.७३ अंशाने वाढेल, तर बर्फात केवळ ०.१७ अंशाने. सुई आधी अगर-जेलमध्ये तपासून घ्यावी. जेलमुळे पाण्यातील अभिसरण थांबते व पाण्याची ज्ञात वाहकता तुलनेस मिळते.

४. मापनातील दोष :
पहिला दोष नमुन्यातील पोकळ्यांचा. बर्फाच्या भुकटीपासून बनविलेल्या मिथेन हायड्रेटमध्ये वायूने भरलेली छिद्रे राहतात व आकडा कमी येतो. म्हणून नमुना दाबून घट्ट करतात. दुसरा दोष उरलेल्या बर्फाचा. त्याने आकडा वाढतो. तिसरा दोष उरलेल्या पाण्याचा असून तो अधिक फसवा आहे. पाण्याची व हायड्रेटची वाहकता जवळपास सारखी असल्याने अपूर्ण रूपांतर आकड्यावरून ओळखूच येत नाही. त्यासाठी शोषलेल्या वायूचे प्रमाण स्वतंत्रपणे मोजावे लागते. चौथे असे की, सुईला अधिक शक्ती दिल्यास सुईलगतचे हायड्रेटच वितळते.

५. महाविद्यालयीन प्रयोगशाळेतील शक्यता :
मिथेन हायड्रेटसाठी उच्च दाबाचे पात्र आवश्यक असते. टेट्राहायड्रोफ्युरानचे वजनाने सुमारे १९ टक्के द्रावण मात्र वातावरणीय दाबालाच ४.४° सेल्सिअसखाली हायड्रेट बनते. नमुना ०° ते ४.४° या मर्यादेत ठेवल्यास त्यात बर्फ टिकू शकत नाही व दुसरा दोष आपोआप टळतो. मात्र हा द्रव ज्वलनशील असून साठवणीत त्यात पेरॉक्साइड तयार होतात. ज्वालेपासून दूर, वायुवीजन असलेल्या जागी व अनुभवी अध्यापकाच्या देखरेखीखालीच प्रयोग करावा.

समारोप :
उष्णतावाहकतेचा आकडा हा केवळ पदार्थाचा नसून नमुन्याचाही असतो. तापमान, दाब, छिद्रता व रूपांतराचे प्रमाण यांची नोंद नसलेला आकडा दुसऱ्या संशोधकाच्या उपयोगी पडत नाही. समुद्रतळावरील साठ्यांचे भवितव्य ठरविणाऱ्या गणितात असे आकडे वापरले जातात, म्हणून ही शिस्त विद्यार्थ्यांच्या अंगी पहिल्या प्रयोगापासूनच बाणविणे अगत्याचे आहे.