सिराहमधली मिरी: तीस वर्षांचा मागोवा

१९९०च्या दशकात लाल वाइनमध्ये दणकटपणाला भाव होता. ऑस्ट्रेलियातल्या बरोसा खोऱ्याची शिराज त्यात आघाडीवर: भरपूर ऊन, १४-१५ टक्के अल्कोहोल, मुरंबी फळ, नव्या ओक पिंपाचा व्हॅनिलासारखा वास. अमेरिकी समीक्षक रॉबर्ट पार्कर यांनी शंभरपैकी किती गुण दिले, यावर बाटलीची किंमत हलायची. अशा काळात वाइनला मिरीचा वास आला, तर द्राक्ष नीट पिकलं नाही असं म्हणणारे बरेच होते.

शिराज म्हणजे सिराहच. या द्राक्षाचं मूळ घर मात्र फ्रान्समधलं उत्तर ऱ्होन खोरं. तिथल्या कोत-रोतीचे उतार इतके उभे, की ट्रॅक्टर चढत नाही. वेली खुंटांना बांधलेल्या, तोडणी हातानं. कॅनबेराजवळच्या क्लोनकिला वायनरीचे टिम कर्क १९९१ मध्ये तिथे गेले, गिगाल या तिथल्या उत्पादकाच्या वाइन चाखल्या आणि परतल्यावर शिराजसोबत थोडं व्हियोनिए हे पांढरं द्राक्ष आंबवू लागले. थंड प्रदेशातल्या शिराजकडे ऑस्ट्रेलियाचं लक्ष वळवण्यात त्या वाइनचा मोठा वाटा आहे.

अशी वाइन नाकाशी नेली की आधी येते ताजी भरडलेली मिरी. मग व्हायोलेटची फुलं, काळं ऑलिव्ह, धुरी दिलेल्या मांसाची छटा. फळ मागून येतं, तेही ब्लॅकबेरीच्या आंबट अंगाचं. घोट सडसडीत, टॅनिन बारीक. जिभेच्या कडांना पाणी सुटतं आणि खारटसर चव रेंगाळते. मला यातली मिरी सगळ्यात प्रिय. आपल्याकडच्या तीस अंशांच्या खोलीत मात्र अल्कोहोलच आधी नाकात शिरतं. बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावीच.

मिरीचा उलगडा २००८ मध्ये झाला. ऑस्ट्रेलियन वाइन संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी द्राक्षाच्या सालीतलं रोटुंडोन हे संयुग ओळखलं. खऱ्या काळ्या मिरीलाही तिचा वास देणारं तेच. लिटरभर लाल वाइनमध्ये ग्रॅमचे सोळा अब्जांश भाग असले तरी ते जाणवतं. पण पाचातल्या एकाला कितीही असलं तरी त्याचा वासच येत नाही. चाखणाऱ्यांमधल्या कित्येक जुन्या वादांचं मूळ इथे असणार. पुढच्या अभ्यासांतून दिसलं, की घड पिकताना २५ अंशांवर तापत राहिले तर रोटुंडोन घटतं. म्हणजे मिरी कच्चेपणाची खूण नव्हतीच; ती थंड हवेची देणगी होती. नाशिकची शिराज फेब्रुवारी-मार्चच्या चढत्या उन्हात तोडणीला येते, त्यामुळे तिच्याकडे ही मिरी मागणं अन्यायाचं आहे.

आता ऊन उत्तर ऱ्होनमध्येही पोचलं आहे. २००३च्या उष्णतेच्या लाटेत तिथे ऑगस्टमध्येच तोडणी सुरू झाली, आणि नंतर अशी तापलेली वर्षं वाढत गेली. घडांना ऊन मिळावं म्हणून पूर्वी पानं खुडत. आता कित्येक बागायतदार सावलीसाठी तीच पानं राखतात.